जलचर : निरंक

मंगळवारी दुपारी चहाचा कप ठेवायला टेबलावर जागा शोधत होतो, तेव्हा मला माझी सही दिसली. सही चांगली होती. माझी सही नेहमीच चांगली येते. माणूस म्हणून जो काही ठामपणा अंगी यायचा राहून गेला, तो सगळा 'मुकुंद निखारे'तल्या 'मुकुंद'च्या पहिल्या वळणात जाऊन बसलाय असं मला कधी कधी वाटतं. ज्या तक्त्याखाली ती होती तो सव्वा वर्षापूर्वी मीच भरला होता. नाला क्रमांक सात, बेसा गावाच्या पुढे, लांबी साडेसहाशे मीटर, प्रवाह क्षीण, काठावर बाभळी. आणि खालून तिसऱ्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, जलचर : निरंक. तक्त्याच्या मागे टाचणीने नकाशा लावलेला. त्यात नाल्याची निळी वळणं पुसून कुणीतरी दोन सरळ काळ्या रेषा ओढल्या होत्या आणि वर झाकण. काँक्रीटची बंद पेटी. काम सुरू करण्याचा दिनांक, गुरुवार. मी कप तिथेच ठेवला. सहीवर गोल डाग पडला. डागाखालूनही ती स्वच्छ वाचता येत होती.

"सर, काही झालं का?" पलीकडच्या टेबलावरून प्रणालीने विचारलं. ती आमच्याकडे कनिष्ठ अभियंता आहे, वय अठ्ठावीस, अजून फायली वाचते.

"काही नाही," मी म्हटलं.

हे 'काही नाही' माझ्या तोंडात इतकं मुरलंय की दाताच्या डॉक्टरनं कुठे दुखतं विचारलं तरी आधी तेच बाहेर पडतं. निरंक हा त्याचाच सरकारी भाऊ. रकान्यात नुसतं 'नाही' लिहिलं तर वरचा कुणीतरी विचारतो, का नाही? निरंक लिहिलं की विचारत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी विहिरी निरंक लिहिल्या, अतिक्रमणं निरंक लिहिली, हरकती निरंक लिहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी खरंच काही नव्हतं. नाला क्रमांक सातमध्ये होतं. हे माझ्याइतकं पृथ्वीवर कुणालाच माहीत नव्हतं, कारण गेली तीन वर्षं आठवड्यातून दोन सकाळी मी तिथे जाऊन मासे पकडतो, हातात धरून पाहतो आणि परत सोडतो. तक्ता भरायला गेलो त्या सकाळीसुद्धा चौदा पकडले होते. पँटचे पाय ओले होते आणि त्या ओल्या पायांनीच स्कूटरवर बसून मी निरंक लिहिलं. 'मासे आढळले' लिहिलं असतं तर चहाच्या टपरीपर्यंत बातमी गेली असती, आणि रविवारी दहा गाड्या, जाळी, मच्छरदाण्या, कुणाकडून तरी ब्लीचिंग पावडर. मासे पकडणारा माणूस आपली जागा सांगत नाही. सख्ख्या भावाला सांगत नाही, मग मी शासनाला का सांगावी? त्या दिवशी मला वाटलं होतं, मी जागेला कुलूप लावलं.

या सगळ्याची सुरुवात टाळेबंदीत झाली, जेव्हा शहरातली शहाणी माणसं घरी पाव भाजत होती. फोनवर मला एक म्हातारा दिसला. अमेरिकेतलं कुठलंसं गाव, एका मोठ्या दुकानाच्या मागचा ओढा, आणि हा टोपीवाला पोटापर्यंत येणारे रबरी बूट घालून तळहाताएवढे रंगीत मासे पकडत होता. सूर्यमासे म्हणे. पोट नारिंगी, गालावर निळ्या रेघा, मुलांनी रंगवल्यासारखे. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. धाग्यांची आणि पिसांची खोटी माशी बांधलेली, आणि लांब दोरी हवेत मागे-पुढे अशी लहरत होती की पाहता पाहता माझ्या मानेतलं काहीतरी सुटलं. तो एकेक मासा ओल्या हातात धरायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचा आणि सोडून द्यायचा. मला पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. त्याच्या ओढ्याच्या काठी झुडपात प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. मला धीर आला. बर्फाची शिखरं वगैरे असती तर मी तो छंद पाहून सोडून दिला असता; पण दुकानाच्या मागचा ओढा, पिशव्या, एकटा म्हातारा, एवढं नागपूरला जमण्यासारखं होतं. आमच्याकडे ओढा फक्त पाठ्यपुस्तकात असतो. बाकी सगळा नाला. मी दीड वर्ष नाले पाहत हिंडलो, जे तसंही माझं कामच होतं, आणि बेसाच्या नव्या लेआउटांच्या मागे एका पडीक संत्र्याच्या बागेखाली मला हा सापडला. बागेच्या जुन्या विहिरीजवळ झिरा आहे, त्याचं पाणी दोनशे पावलं स्वच्छ वाहतं, मग एका वसाहतीचा पाइप येऊन मिळतो आणि पुढे तो शहाण्यासारखा नाला होतो. त्या दोनशे पावलांत ते होते. चार बोटांचे. मादी फिकट, पण नर रंगात आला की पोटाखालून डाळिंबी, पाठ हिरवट सोन्याची, आणि शेपटीजवळ एक काळा टिपका, कुणीतरी पेन टेकवून पुढचं लिहायला विसरल्यासारखा.

पुस्तकात त्याला नाव असेल. तिथे बकऱ्या चारायला येणारी अनुसयाबाई त्याला नवरी म्हणते. मी तिला एकदा सांगितलं की बाई, लाल असतो तो नर असतो. ती म्हणाली, "मंग का झालं? नवरदेवबी नटतेच नं आजकाल." अनुसयाबाईचं माझ्याविषयीचं मत पहिल्या दिवशी ठरलं आणि पुढे बदललं नाही. मी मासा सोडताना तिने पाहिलं, बकरीच्या गळ्यातली दोरी हातात तशीच धरून जवळ आली आणि म्हणाली, "काहून गा, सोडला काहून?" मी म्हटलं, खायचा नाही. "विकाचा?" नाही. "मंग पकडला कायले?" मी म्हटलं, पाहायला. तिने माझ्याकडे, छडीकडे, परत माझ्याकडे पाहिलं. "घरी कोनी हाय का नाई तुले?" आहे म्हटलं, बायको आहे. "तिले सांगून येतं का?" मी दोरी गुंडाळायला लागलो. तेव्हापासून ती मला लपून आलेला समजते, आणि ते खरं आहे. प्रेमिलाला मी फिरायला जातो एवढंच माहीत आहे. चार तुकड्यांची छडी स्कूटरच्या डिक्कीत, टायरपंपाच्या पिशवीत असते. मध्यंतरी तिला माझ्या कॉलरवर डाळिंबी रेशमाचा एक धागा सापडला होता. तिने तो बोटात धरून उजेडात पाहिला, वास घेतला. "हे काय?" काही नाही, मी म्हटलं. तिने तो धागा कॅलेंडरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवला. अजून आहे. एखाद्या बाईचा असता तर कदाचित मी सांगितलंही असतं, त्यात माणसासारखं काहीतरी आहे. पण बावन्न वर्षांचा माणूस बापाच्या रेशमाच्या खोट्या माश्या बांधून बोटभर मासे पकडतो आणि सोडून देतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

रेशीम बापूजींचं. आमचं घर विणकरांचं, मागच्या खोलीत दोन खड्डामाग होते, आणि माझ्या लहानपणाचा सगळा आवाज म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज. तो थांबला की झोपेतून जाग यायची. बापूजींच्या मागून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आला, त्यात कापलेल्या ताण्यांची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतवीतभर टोकं, रंगवार जुडग्या बांधून ठेवलेली. मोतिया, शेवाळी, जांभळा, डाळिंबी. कशासाठी ठेवली होती, कुणी विचारलं नाही. बाजारात माशीसाठी मिळणारा धागा मी मागवून पाहिला; मासे त्याच्याकडे साहेबासारखे पाहायचे आणि पुढे जायचे. बापूजींची डाळिंबी बांधली आणि पहिल्याच फेकीला नवरदेव. माझ्या बोटांना ते काम येत होतं, हे मला पन्नाशीला कळलं. जुना ताणा संपत आला की त्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचं टोक जोडायचं असतं, दोन-अडीच हजार धागे, एकेक करून. गाठ मारायची नाही. अंगठा आणि बोट राखेत बुडवायचं, दोन टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा, पीळ मोडून आडवा घासायचा, झालं. गाठ दिसली की कापड गेलं, बापूजी म्हणायचे. मी कॉलेजातून आलो की शंभर-दोनशे धागे जोडून द्यायचो आणि मनात म्हणायचो, बीएस्सी झालं की या राखेला हात लावणार नाही. आता मी राखेची डबी घेऊन गच्चीवरच्या टाकीमागे बसतो.

आणि त्या मंगळवारी, सहीवरचा डाग वाळेपर्यंत, मला जो माणूस दिसत राहिला तो मोजणीवाला होता. नव्वद साल असेल. मी पार्ट वनला. हातात पुठ्ठा, खिशाला दोन पेन, दारात उभा. मागांची मोजणी चालली होती. मोहल्ल्यात आधीच कुजबूज होती की जो माग दाखवेल त्याच्यावर काहीतरी लागेल. काय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण लागेल हे नक्की. बापूजींनी धोटा थांबवला. आतून गोधडी ओढल्याचा आवाज आला. दारात मी होतो. मोजणीवाल्याने विचारलं, घरात माग आहे का? मी मागे वळून पाहिलं. बापूजी खड्ड्यात पाय सोडून बसले होते, अंगावर, मागावर, सगळ्यावर गोधडी, आणि त्यातून फक्त त्यांचं तोंड. त्यांनी नुसतं पाहिलं. मी म्हटलं, नाही. त्याने लिहिलं आणि पुढच्या दारात गेला. आम्ही त्या संध्याकाळी हसलो होतो, आई तर पदर तोंडाला लावून. दोन वर्षांनी मोजलेल्यांना ओळखपत्रं आली, सूत आलं, पुढे म्हातारपणाची सोय आली. बापूजी धुतलेला सदरा घालून कचेरीच्या खिडकीशी गेले. "माग आहे जी," ते म्हणाले. कारकून म्हणाला, रेकॉर्डला नाही. बापूजी म्हणाले, मंग येऊन पाहा नं. कारकून तसा चांगला माणूस होता, त्याने चष्मा काढून सांगितलं, "बाबा, रेकॉर्डला नाही ते पाहायला कोण येणार?" बापूजी तिथे किती वेळ उभे होते मला माहीत नाही. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मरेपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत की 'नाही' तू म्हटलंस. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"प्रणाली," मी साडेपाचला विचारलं, "समजा, एखाद्या नाल्यात जलचर निरंक लिहिलंय, आणि समजा तिथे मासे असले तर?"

तिने संगणकावरून मान वळवली. "समजा म्हणजे आहेत."

"समजा."

"उद्या अकराले अभिजीत सर साइटवर येऊन राहिले, खुणा पाहाले. तिथं जित्ता मासा दाखवला आणि तक्ता भरणाऱ्यानं म्हटलं की आहे, तं सरले फेरसर्वेक्षणाचा शेरा मारावाच लागते. मग वर्षभर तं कोणी हात लावत नाही." ती थांबली. माझ्या टेबलावरच्या फाइलीवरचा नंबर तिला तिथून वाचता येत होता. "पण तक्ता भरणाऱ्यानंच म्हणावं लागते, सर. दुसऱ्या कोणी म्हटलं तं नाही चालत."

"त्याचं काय होईल?"

"नोटीस येईल, खुलासा द्या लागेल. तुमचे पाच वर्षं राहिले, सर. मरून थोडी जाणार." मग तिच्याच लक्षात आलं की 'समजा' गळून पडलंय, आणि ती लाल झाली. "फोटो आहे का एखादा?"

तीन वर्षं. आठवड्यातून दोन सकाळी. एकही फोटो नव्हता. फोटो म्हणजे पुरावा, आणि पुरावा मीच ठेवत नव्हतो.

बुधवारी सहाला मी तिथे होतो. प्रेमिलाला साइट व्हिजिट म्हणून सांगितलं, तीस वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं आणि तिचा विश्वास बसला नाही. तरी डबा दिला. काठावर लाल फिती बांधलेल्या खुंट्या रांगेत ठोकल्या होत्या आणि बागेच्या तोंडाशी खोदायचं यंत्र उभं होतं, लोखंडी मान खाली घालून, देवळाबाहेरच्या नंदीसारखं शांत. फेब्रुवारीची थंडी पाण्यावरून वाफेसारखी उठत होती. मी छडी जोडली, शेवाळी माशी बांधली. मागे बाभळी आहेत म्हणून दोरी मागे नेता येत नाही. ती पाण्यावरूनच उचलून चाकासारखी पुढे लोळवायची, हे शिकायला मला एक पावसाळा गेला होता. लोळवली. दगडाच्या खालच्या खळग्यात, जिथे नेहमी चार-सहा असतात, माशी अलगद बुडाली. काही नाही. परत. काही नाही. मोतिया बांधली. जांभळी. खळग्यातून वर, मुळांखाली, झिऱ्याच्या तोंडाशी. सात वाजले, आठ वाजले. एरवी जे मासे मला ओळखत असल्यासारखे यायचे, ते त्या दिवशी सरकारी नाल्यासारखे वागत होते. निरंक. मला हसू आलं आणि त्या हसण्याचा आवाज मलाच आवडला नाही. पाण्याची पातळी वीतभर उतरली होती. वरच्या अंगाला काल कुणीतरी मातीचा बांध घातला असावा. पाण्यात पाय बधिर झाले होते, पण डोक्यात एकच गोष्ट घट्ट होती, की अकरा वाजता इथे एक माणूस उभा राहील आणि मला दाखवता आलं पाहिजे. एक. चौदा नकोत. एक. मी देवाशी असं बोलत नाही, त्याच्याही रकान्यात माझ्याकडून निरंकच जातं, पण त्या दिवशी मी पाण्याशी बोललो. ये बाबा. काही करत नाही. फक्त वर ये.

"कोनाशी बोलून राहिला गा?" अनुसयाबाई काठावर होती. दोन बकऱ्या, हातात राखुंडीची डबी, बोट दातांवर.

मी तिला सांगितलं. पेटीचं, अकरा वाजताचं, एका मासोळीचं. माझ्या सहीचं सांगितलं नाही.

ती बराच वेळ दात घासत राहिली. मग थुंकून म्हणाली, "मशीन पाहूनच भेली असन थे. बुडाशी बसून आहे सारी. डाळिंबी हाय का तुह्यापाशी? थे घाल."

डाळिंबीचं एकच टोक उरलं होतं. बोटभर. ते मी कशासाठी राखून ठेवलं होतं, मलाही सांगता आलं नसतं. बापूजींनी डबा कशासाठी भरला होता हेही असंच. मी दगडावर बसलो, गळाच्या टोकाजवळची उलटी अणी चिमट्याने आधीच सपाट केलेली होती, म्हणजे मासा दुखावत नाही. बोटं थंडीने आखडली होती. धागा निसटत होता. "राख दे बाई," मी म्हटलं. तिने डबी पुढे केली. अंगठा आणि बोट राखुंडीत बुडवलं, आणि धागा थांबला. तीच पकड. तोच करकर आवाज, रेशमावर राखेचा. पीळ दिला, मोडला, आडवा घासला. गाठ दिसत नव्हती. क्षणभर मला वाटलं, मागच्या खोलीतला धोटा चालू झाला तर मी उठून दार लावून घेईन.

पाचव्या फेकीला दोरी थांबली. ओढ अशी नव्हतीच. फक्त पाण्याखाली कुणीतरी 'हं' म्हणालं. मी छडी उचलली आणि तो वर आला, उन्हात एकदा फिरला. पूर्ण रंगात. मी तीन वर्षांत एवढा लाल पाहिला नव्हता. अनुसयाबाई म्हणाली, "आला गा नवरदेव." डब्यातली पोळी आणि झुणका मी तिच्या हातावर ठेवला, डबा नाल्यात विसळला, पाणी भरलं आणि तो त्यात सोडला. सव्वादहा. तो स्टीलमध्ये गोल फिरायला लागला, दर फेरीला स्वतःच्याच प्रतिबिंबापाशी थबकायचा. मी डब्यावर सावली धरून बसलो. पाच वर्षं राहिली होती. नोटीस येऊ दे. मी खुलासाही मनात लिहिला. 'सदर मासे अस्तित्वात होते व आहेत.' आहेत हा शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिला. तोंडात तो नव्या दातासारखा लागला, पण बसला.

अकरा वीसला गाडी आली. अभिजीत सर आमचे कार्यकारी अभियंता, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, बूट पांढरे. मागे प्रणाली. तिने डबा पाहिला आणि तिचा चेहरा परीक्षेत पेपर सोपा निघावा तसा झाला. "सर, निखारे सरांले काही दाखवायचंय." मी झाकण काढलं. अभिजीत सर वाकले. मी त्यांना तीन वर्षं ओळखतो. त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं, लहान मुलासारखं. "अरे वा," ते हळूच म्हणाले. "काय रंग आहे हा. इथला?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"इथला असेल तर आपण पेटी कशाला करतोय?" ते सरळ झाले आणि त्यांचा हात हवेत फिरला, माझ्या दोनशे पावलांवरून. "याचं डेस्टिनेशन करू. दोन्ही बाजूंना दगडी पायऱ्या, दिवे, वर फूड स्टॉल. आणि इथे लोकांनी पाण्यात पाय सोडून बसायचं, मासे येऊन पाय चावतात ना, मॉलमध्ये असतं तसं. रविवारी रांगा लागतील. प्रणाली, व्हिडिओ घे. किती असतील हो, निखारे?"

"सर, ते नंतरचं," प्रणाली घाईने म्हणाली, "आधी फेरसर्वेक्षण, वर्षभर तं काहीच नाही होत." ती माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा, फक्त हो म्हणा, पायऱ्यांचं पुढे पाहू. आणि ते बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं की ते बरोबर आहे. वर्षभरात साहेब बदलतात, फायली हरवतात, कल्पना मरतात. बंद पेटीखाली मात्र मासेच मरतात, आणि ते उद्या. पण मला पाय दिसत होते. शेकडो पाय, नेलपॉलिश लावलेले, भेगा पडलेले, खळग्यात सोडलेले, आणि त्या पायांमध्ये ते डाळिंबी, आणि वर हसणारे लोक. माझी जागा. गोधडीतून बाहेर आलेलं तोंड माझ्याकडे पाहत होतं.

"हायेत नं साहेब, लय हायेत," काठावरून अनुसयाबाई म्हणाली. "मी इथंच लहानाची मोठी झाली. मह्या मायच्या वक्तापासून हायेत."

"या कोण?"

"इथे बकऱ्या चारतात," मी म्हटलं.

"हो, पण तक्ता तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं? आहेत?"

"नाही साहेब," मी म्हटलं. आवाज अगदी नेहमीसारखा होता, सहीसारखा स्वच्छ. "हा बर्डीच्या बाजारातून आणला. पुतण्याच्या काचेच्या टाकीसाठी. प्रणाली मॅडमना रंग दाखवायचा होता."

अभिजीत सर क्षणभर डब्याकडे पाहत राहिले, मग हसले, थोडे ओशाळले. "मला वाटलंच. असल्या पाण्यात कुठून येणार." त्यांनी खिशातून पेन काढून माझ्याच तक्त्यावर, माझ्याच सहीखाली बारीकशी सही केली. मग खुंट्या बरोबर आहेत, माणसं आली आहेत, तर उद्याची वाट कशाला, असं काहीतरी ते यंत्रावरच्या माणसाला म्हणाले. प्रणालीने फोन खाली घेतला. गाडीत बसताना फक्त 'सर' म्हणाली, आणि पुढचं वाक्य आलं नाही. अनुसयाबाईने उरलेला झुणका पोळीत गुंडाळून दगडावर ठेवला, माझ्यासमोर. "मासोळी सोडत होता तं मले वाटे भला मानूस हाय," ती म्हणाली आणि बकऱ्या हाकत बागेकडे गेली. हळू गेली, एकदाही वळली नाही.

यंत्राने मान उचलली. पहिला घास खळग्याच्या वरच्या काठाचा होता. मी डबा घेऊन पाण्यापाशी धावलो, हे खरं. निदान हा एक तरी. पण तेवढ्यात पाणी चहासारखं झालं, मग चिखलासारखं, आणि त्यात काहीतरी दोनदा चमकून उलटं झालं. एक फिकट होती, मादी. दुसरा लाल असावा. मी ओरडलो का, मला आठवत नाही. यंत्रावरच्या माणसाने कानाला हात लावून काय म्हणून खूण केली. मी हातानेच सांगितलं, काही नाही. झाकण लावलं.

वाटेत मी डबा पायांमध्ये धरला होता. प्रत्येक गतिरोधकावर पाणी डचमळायचं, आणि बेसापासून आमच्या घरापर्यंत बावीस गतिरोधक आहेत; मीच एकदा मोजून तक्ता केला होता. बापूजी खिडकीपासून घरी चालत आले होते. त्या दिवशी त्यांनी मागावरची गोधडी काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली, एवढं मला आठवतं, आणि मी तेव्हा अभ्यास करत असल्याचं नाटक करत होतो. त्यांनी निदान खिडकीशी जाऊन 'आहे' म्हटलं होतं. उशिरा, पण म्हटलं होतं.

घरी आलो तेव्हा प्रेमिला ओट्यापाशी गवार मोडत होती. दुपारी घरी कसे, तिने विचारलं नाही. माझ्या गुडघ्यापर्यंत चिखल होता, बोटांना राख, शर्टाच्या बाहीवर डाळिंबी रेशमाचा एक कण. तिने तो पाहिला, मग कॅलेंडरच्या खिळ्याकडे पाहिलं. मी डबा ओट्यावर ठेवला.

"जेवले नाही का?"

"जेवलो."

"मग डबा भारी काहून लागून राहिला? काय आहे यात?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. स्वयंपाकघरात दुसरा आवाज नव्हता. मग झाकणाला आतून टक् झालं. थोड्या वेळाने परत एकदा. प्रेमिलाने हातातली गवार खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"तुमचं 'काही नाही'," ती म्हणाली, "आतून वाजून राहिलं."